बाष्पनिग्रह आणि करुणरस : मंगळवेढ्यातील दोन रुग्णांच्या निमित्ताने

आपल्या दवाखान्यात दिवसभरात 'रस' हा शब्द किती अर्थांनी उच्चारला जातो, याची एकदा मोजदाद करून पाहावी. जिभेला कळतो तो रस, आहारपाकातून प्रथम उत्पन्न होतो तो रसधातू, अडुळशाची पाने कुटून पिळून काढलेला स्वरस, आणि औषधी दुकानाच्या मांडणीवर त्रिभुवनकीर्ती, सूतशेखर अशा नावांनी बसलेले पारदाचे कल्प. भरतमुनींचा रस मात्र आपण संस्कृतच्या प्राध्यापकांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. पदवी घेतल्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे मीही तसेच मानीत होतो. नाट्यशास्त्राचा सहावा आणि सातवा अध्याय मी उघडला तो एका रुग्णेमुळे. आणि दुसऱ्या एका रुग्णामुळे तो पुन्हा, अधिक सावधपणे, वाचावा लागला.

तालुक्याच्या दक्षिण भागातील एका कोरडवाहू गावची पन्नाशीची शेतकरी स्त्री. तक्रार एकच, पण ठाम : "डाक्टर, भाकरी माती खाल्ल्यावानी लागती बगा." मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या ज्वारीची भाकरी जिला माती लागते तिच्या जिभेचे काहीतरी गंभीर बिनसले आहे, हे सांगायला वैद्य लागत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे जडत्व, उठताना चक्कर, डोळ्यांची आग, आणि हवामान कसेही असो, वाहणारे नाक. सोलापूरला हृदयाचा आलेख व इतर तपासण्या झाल्या होत्या, सर्व निर्दोष. मी रसप्रदोषज विकार धरून चाललो. अश्रद्धा, अरुची, अरसज्ञता, गौरव ही लक्षणे सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातून जणू उचलून समोर ठेवलेली होती. लंघन, पाचन दिले; पुढे अर्जुनारिष्ट दिले. महिना गेला. चक्कर थोडी कमी झाली, भाकरी मातीच राहिली.

मुलगा अपघातात गेल्याला तीन महिने झाले होते, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर मी लिहिले होते. पण 'आपण रडलात का' हा प्रश्न मी विचारला नव्हता. तो विचारला असता तर कळले असते की सून दोन जिवांची असल्याने 'तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणायचे नाही' असे घरातील वडीलधाऱ्यांनी या बाईंना बजावले होते, आणि त्यांनी ते अक्षरशः पाळले होते.

वैशाख वद्य पंचमीला चोखोबांची पुण्यतिथी येते. परंपरेप्रमाणे 1338 साली याच मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवराय पंढरीहून आले, त्यांनी ढिगाऱ्यातील अस्थी एकेक करून कानाशी धरल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून वेगळ्या केल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ही कथा आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. शेजारणीबरोबर बाई त्या दिवशी कीर्तनाला गेल्या. कीर्तनकार बुवा अस्थी कानाशी धरण्याच्या प्रसंगापर्यंत आले आणि बाईंना जे रडू कोसळले ते आरती होईपर्यंत थांबले नाही. चौथ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या आणि आपणहून म्हणाल्या, "काल भूक लागली." त्या बऱ्या झाल्या असे मी म्हणत नाही, मुलाचे दुःख आजही त्यांच्यापाशी आहे. परंतु नाकाचे पाणी थांबले, छाती हलकी झाली आणि दोन महिन्यांत वजन सावरले.

त्या रात्री मी चरकसंहिता काढली आणि लाजलो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेगांमध्ये बाष्पाचा म्हणजे अश्रूंचा वेग आहे. तो अडविला असता प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम हे विकार होतात, असे आचार्य सांगतात. बाईंची पाचही लक्षणे क्रमाने तेथे होती. हा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. मल-मूत्र-अपानाच्या वेगांविषयी रुग्णाला न चुकता विचारतो आणि अश्रूंपाशी आलो की पान उलटतो. चिकित्सा तीन शब्दांची आहे : निद्रा, मद्य आणि प्रिय कथा. मद्याच्या जागी द्राक्षासव देण्याची पळवाट आपल्याला ठाऊक आहे. प्रिय कथेचे काय करायचे, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला शिकविले नव्हते. वास्तविक त्याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात, पंचकर्मासाठी आतुरालय सिद्ध करताना कोण कोण माणसे जवळ असावीत याची यादी देताना, गाणारे, वाजविणारे, कथा-आख्यायिका-इतिहास-पुराण जाणणारे यांचा उल्लेख स्वयंपाकी आणि परिचारकांच्या बरोबरीने आला आहे. आपण उभारलेल्या पंचकर्म केंद्रांत तेलाच्या द्रोणीची जागा निश्चित असते, कथा सांगणाऱ्याची नसते.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. चोखोबांच्या अस्थींची कथा ही 'प्रिय' कथा कशी? पुत्रशोकाने दबलेल्या आईला भिंतीखाली चिरडलेल्या माणसाची गोष्ट ऐकविली, तर वृद्धिः समानैः या न्यायाने शोक वाढावयास हवा. तो उतरला कसा? वैद्याला पडलेला हा प्रश्न साहित्यशास्त्राने हजार वर्षे चघळला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या कामाचे आहे.

भरतांनी आठ स्थायी भाव सांगितले : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. लौकिकात शोकाला कारण असते, कार्य असते आणि बरोबर येणाऱ्या चिंता-ग्लानी असतात. रंगभूमीवर याच गोष्टींना अनुक्रमे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ही नावे मिळतात, आणि त्यांच्या संयोगातून जे निष्पन्न होते त्याला शोक न म्हणता करुणरस म्हणतात. नाव बदलण्याचे कारण वस्तूच बदललेली असते. दृष्टान्त देताना भरतांनी पाकशाळाच निवडली आहे : नाना व्यंजने, औषधी आणि गूळ आदी द्रव्यांच्या संयोगाने जसा एक निराळाच आस्वाद्य रस सिद्ध होतो, आणि तो चाखणारे प्रसन्नमन होतात, तसे हे आहे. औषधनिर्मिती करणाऱ्यांना यात नवे काही सांगावयास नको. चिंच, गूळ, मिरी, सैंधव वेगवेगळे चाखून पन्ह्याची चव कळत नाही.

याहून मला महत्त्वाचे वाटले ते सातव्या अध्यायाच्या आरंभीचे विवेचन. भाव हा शब्द कोठून आला? भरत म्हणतात, भावित म्हणजे वासित, व्यापलेले. अमुक गंधाने किंवा रसाने सर्व वस्तू भावित झाली, असे लोक म्हणतात तसे. वैद्यबंधूंनो, ही तर आपली भावना! आवळकाठीच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देतात तेव्हा आपण नेमके काय करतो? चूर्ण बुडेल इतका रस घालून खलतो, सुकवितो, पुन्हा घालतो. सातव्या भावनेअखेर वजन फारसे बदललेले नसते, पण द्रव्य बदललेले असते. मराठीत आपण मनाच्या वृत्तीला आणि खलातील संस्काराला एकच शब्द वापरतो, तो केवळ योगायोग नव्हे. एकच अभंग दर एकादशीला ऐकणाऱ्या वारकऱ्याला 'तेच तेच काय ऐकता' असे विचारणारा माणूस औषधशाळेत 'सात वेळा कशाला, एकदाच भरपूर रस ओता' असेही म्हणेल. (हल्ली काही ठिकाणी तसे करतातही आणि लेबलावर सात भावना छापतात, तो विषय वेगळा.)

भरतांनी एकोणपन्नास भाव मोजले आहेत : आठ स्थायी, तेहेतीस व्यभिचारी, आठ सात्त्विक. व्यभिचारी भावांची यादी वाचताना आपण माधवनिदान वाचतो आहोत की काय असा भास होतो. ग्लानी, श्रम, मोह, निद्रा, अपस्मार, उन्माद, व्याधी, मरण! ज्वर हा स्वतंत्र रोग नाट्यशास्त्राला नको आहे. ज्वराने क्षणभर उमटलेली मनाची छटा हवी आहे. सात्त्विक भाव आठ : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय म्हणजे मूर्च्छा. कुशल नटालाही मन एकाग्र झाल्यावाचून हे साधत नाहीत, म्हणून ते सात्त्विक. बाराव्या शतकातील गुजरातचे जैन आचार्य हेमचंद्र यांनी काव्यानुशासनात यांची जी उपपत्ती दिली आहे ती कोणीही वैद्याने लिहिली असती तर शोभली असती. चित्तवृत्ती प्राणभूमीवर उतरते, तेथे ज्या महाभूताचे प्राधान्य होते तसा विकार प्रकटतो : पृथ्वीने स्तंभ, जलाने अश्रू, तेजाने स्वेद व वैवर्ण्य, आकाशाने प्रलय, वायूने रोमांच, कंप आणि स्वरभेद. माझ्या रुग्णेत तीन महिने पृथ्वी होती. वैशाखात जल आले. हा अलंकार वाटल्यास सोडून द्यावा, परंतु रुग्णपरीक्षणात मला त्याचा उपयोग झाला आहे.

शोक रसरूप कसा होतो याविषयी आचार्यांत झालेला वाद येथे विस्ताराने देत नाही. मराठीत ग. त्र्यं. देशपांडे यांचे भारतीय साहित्यशास्त्र (याला 1959 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) आणि रा. पं. कंगले यांचा रसभावविचार हे ग्रंथ त्यासाठी पुरेसे आहेत. श्रीशंकुकाचे मत मात्र आमच्याच गावच्या उदाहरणाने सांगतो. कान्होपात्रा मंगळवेढ्याची, शामा नायकिणीची मुलगी. बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. तिच्यावरील नाटक 1931 साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले आणि कान्होपात्रेची भूमिका बालगंधर्वांनी केली. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या पलीकडे गेलेले. समोरची व्यक्ती स्त्री नाही, तरुणी नाही, कान्होपात्रा तर नाहीच, हे प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते. तरी तिच्या अखेरच्या आळवणीला लोक रडत. शंकुक म्हणेल, चित्रातील घोडा पाहून आपण घोडा म्हणतो तेव्हा ते ज्ञान खरेही नसते, खोटेही नसते, संशयही नसतो. भट्टनायक म्हणेल, त्या क्षणी दुःख कान्होपात्रेचे राहत नाही, नटाचे नाही, प्रेक्षकाचेही नाही. त्याचे साधारणीकरण झालेले असते. अभिनवगुप्तांनी हे स्वीकारून पुढे जोडले की मुळात वासना प्रत्येकाच्या चित्तात असतेच. आड येणारी विघ्ने दूर झाली की ती आस्वादरूपाने प्रकट होते.

या साधारणीकरणाविषयी माझ्या मनात एक खटका आहे, तो लपवीत नाही. चोखोबांचे दुःख 'कोणाचेही नसलेले' दुःख होऊन आपण सुखाने रडलो, की त्यांना वेठीला कोणी धरले, देवळाबाहेर कोणी उभे केले, हा प्रश्न अश्रूंबरोबर वाहून जाऊ शकतो. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांचे अभंग वाचावेत. तेथे ती तक्रार देवापुढे उघड मांडलेली आहे आणि ती विरघळत नाही. रुग्णाला उतार पडावा म्हणून कथा वापरताना वैद्याने तरी ती कथा कोणाची आहे हे विसरू नये.

आता जी गोष्ट मला कोणत्याही व्याख्यानात ऐकावयास मिळाली नाही ती सांगतो. वैद्यक आणि रसविचार एकाच घरी नांदल्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला मंत्री हेमाद्री आपल्याला अष्टांगहृदयाच्या आयुर्वेदरसायन टीकेमुळे परिचित आहे. निर्णयसागरच्या प्रतीत अरुणदत्ताच्या जोडीने ती छापलेली आपण सर्वांनी हाताळली आहे. त्याचा आश्रित बोपदेव हा केशव वैद्याचा मुलगा. चूर्ण-गुटिकादी कल्पांवरील शतश्लोकी आणि हृदयदीपक निघंटू ही त्याची वैद्यकातील कामगिरी. याच बोपदेवाने भागवतातील भक्तिविषयक श्लोक निवडून मुक्ताफल हा ग्रंथ रचला आणि त्यावर कैवल्यदीपिका टीका आहे ती हेमाद्रीच्या नावाची. काश्मीरच्या मम्मटाने देवविषयक प्रीतीला केवळ 'भाव' ठरवून रसाच्या पंक्तीतून उठविले होते. देवगिरीच्या या वैद्यक जाणणाऱ्यांनी भक्तीला रस मानले, आणि हास्य, शृंगार, करुण, बीभत्स, भयानक, शांत अशा नऊही वाटांनी ती अनुभवाला येते, असे प्रतिपादिले. त्याआधी काही दशके त्याच दरबारी शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात नादाचा विचार करताना तो गर्भोत्पत्ती, धातू, स्रोतसे असे आपले सगळे शारीर मांडतो आणि अखेरच्या नर्तनाध्यायात रसांपर्यंत येतो. शरीर समजल्याखेरीज स्वर समजत नाही, अशी त्याची धारणा असावी. ही परंपरा पुढे तुटली. वैद्याने नाडी धरावी आणि बुवांनी वीणा धरावी अशी वाटणी झाली, ती आपल्या अंगवळणी पडली.

एवढे वाचून झाल्यावर मला वाटू लागले की आपल्याला एक नवे औषध सापडले. येथे माझी चूक सांगणे भाग आहे.

बायको बाळंतपणात गेलेला एक तरुण शेतकरी, जेमतेम वीस दिवसांनी, झोप येत नाही म्हणून भाऊ घेऊन आला. तोही रडलेला नव्हता. मी उत्साहाने त्याला जवळच्या गावी चाललेल्या सप्ताहात कीर्तनाला बसण्यास सांगितले. तो गेला, आणि अर्ध्यावर उठून बाहेर आला. दोन रात्रींनंतर भावाचा फोन आला : हा मध्यरात्री विहिरीच्या काठावर सापडला. त्याच पहाटे त्याला सोलापूरच्या मानसरोगतज्ज्ञांकडे नेले. तेथे दाखल करून औषधे दिली, आणि तो त्यातून सावरला. माझ्या उपायाने त्याच्या जिवाशी खेळ झाला होता.

उत्तर अभिनवभारतीत होते. मी ते वाचले होते, लावले नव्हते. अभिनवगुप्त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगतात. त्यांतील एक असे की माणूस स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झालेला असला तर त्याला रस येत नाही. विसाव्या दिवशी त्या तरुणाच्या कानावर पडलेली प्रत्येक ओळ त्याला त्याच्याच घरी परत नेत होती. त्याच्यापाशी करुणरस नव्हताच, नुसता शोक होता, आणि त्यावर मी तेल ओतले. भरत म्हणतात, रस सहृदयाचे शरीर व्यापतो तो सुक्या लाकडाला अग्नी व्यापतो तसा. ओल्या लाकडाचा केवळ धूर होतो, हे कीर्तनाला पाठविण्यापूर्वी मला सुचावयास हवे होते.

चरकांचे वचनही मग नव्याने उमगले. सातव्याच अध्यायात मनाच्या धारणीय वेगांत शोक आहे. अश्रू मात्र अधारणीय. शोकाचा वेग आवरावा आणि अश्रूंचा आवरू नये, हे परस्परविरोधी कसे नाही? माझा तर्क असा की आचार्यांना शोकाची पकड सैल करून अश्रूंना वाट द्यावयाची आहे, आणि ते साधते तेव्हा, जेव्हा दुःख थोडे दूर, दुसऱ्याच्या नावाने, तालासुरात समोर येते. जाणत्यांनी याचे खंडन केल्यास मी ऋणी राहीन. चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात काम, शोक, भय, क्रोधादींनी झालेल्या मनोविकारांत परस्परविरोधी भावांची योजना सांगितली आहे. त्या दृष्टीने नुकत्याच घडलेल्या आघातात चोखोबांपेक्षा दामाजीपंतांचे आख्यान मला अधिक सुरक्षित वाटते. दुष्काळात सरकारी अंबारे फोडून रयतेला धान्य वाटणाऱ्या दामाजीपंतांचा उत्साह हा भरतांच्या परिभाषेत दानवीर. पुढे विठू महार होऊन बीदरच्या दरबारी रक्कम भरणारा पांडुरंग म्हणजे अद्भुत. नाटकाच्या निर्वहणात अद्भुत असावा असा भरतांचा दंडकच आहे. येथेही नियम करण्याइतका माझा अनुभव नाही.

सध्या मी इतकेच करतो. केसपेपरवर निद्रा, क्षुधा, मल, मूत्र यांच्या ओळीखाली 'अश्रू' अशी एक ओळ वाढविली आहे. आघाताला किती दिवस झाले ते तिथीसह लिहितो. झोप पूर्ण उडाली असेल, मरणाचे बोलणे असेल किंवा माणूस एकदम गप्प झाला असेल, तर कथा-कीर्तनाचे नाव न काढता त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवितो, आणि त्यांची चालू औषधे परस्पर बंद करीत नाही. बाकीच्यांना आधी घरात एका माणसासमोर रडण्याची मुभा मिळवून देतो. बहुतेक वेळा त्यासाठी रुग्णाऐवजी नातेवाइकांनाच समजवावे लागते. औषधी दुकानदारांना विनंती अशी की भूक नाही, चव नाही म्हणून तेच पाचक चूर्ण तिसऱ्यांदा न्यावयास कोणी आले तर घरात काही घडले का, एवढे विचारावे. माझ्याकडे आलेल्या अशा रुग्णांपैकी अनेकांनी त्यापूर्वी दुकानातून तीन-चार बाटल्या नेलेल्या होत्या.

बाष्पनिग्रहजन्य विकारांचे आपले अनुभव वैद्यबंधूंनी जरूर कळवावेत. रुग्णाचे नाव-गाव नको. आघातानंतरचे दिवस, लक्षणे, काय दिले आणि काय घडले एवढे पुरे. ज्यांत उपाय फसला ती टिपणे आधी पाठवावीत.